चौकटीतली पदवी

तिप्पण्णा कारकुनानं चौकटीची काच उपरण्याच्या टोकानं पुसली, आत डोकावून पाहिलं आणि चौकट मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्या डिग्रीवरची बाई प्रेमला गोपाळ वैरागकर. आन् पासपोर्टावरची बाई रमा वेणीमाधव मोहोळकर. बाई एक हाय का दोन, ते ठरवायचं हाय."

"एकच आहे," रमा म्हणाली. "मीच."

"तुमी म्हणता व्हय. पर विलायतवाल्यांना कागुद पायजे की."

विलायतेहून तसंच पत्र आलं होतं. लंडनच्या अध्यापनवर्गात रमाला जागा मिळाली होती. पण तिची मुंबईची बी. ए. तिथं ग्राह्य धरायची, तर दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं शपथपत्र हवं होतं, तेही तिला लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या माणसाचं. आज संध्याकाळच्या मेलनं कागद निघाला तर शनिवारची बोट गाठणार होता. नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"नाव बदलल्याचा काही कागद?" वीरभद्रप्पांनी विचारलं. ऑनररी मॅजिस्ट्रेट असले तरी माणूस मऊ होता.

कागद कुठला? लग्नात वेणीमाधवनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'रमा' असं लिहिलं, बायका हसल्या, आणि ते तांदूळ भटजी उपरण्यात बांधून घेऊन गेले. एकवीस वर्षांचं नाव पुसायला तेवढं पुरलं.

"कागद नाही," ती म्हणाली. "पण मामंजी आलेत. ते सांगतील."

आबासाहेब मोहोळकर वकील मागच्या खुर्चीवर पगडी मांडीवर घेऊन बसले होते. स्त्रीशिक्षणावर सोलापुरात सभा असली की अध्यक्ष तेच. "आमची सून विलायतेला जाणार," हे त्यांनी भर सभेत सांगितलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. त्यांची सुधारणा दिवाणखान्यात नांदायची. माजघराचा उंबरा काही ती ओलांडत नसे. पण घरातही त्यांनी 'नाही' असं एकदाही म्हटलं नव्हतं, हे त्यांचं खरं कसब. रमाचे वडील गेल्या वर्षी वारले होते. वैरागहून आईला बोलावून घेऊ का, असं तिनं दोनदा विचारलं. "मी वकील घरात असताना विहीणबाईंना दगदग कशाला?" असं म्हणत त्यांनी आज-उद्या करत पंधरा दिवस काढले होते.

आबासाहेब उठले. शपथ घेतली.

"ही तुमची सून?"

"होय. रमा. दोन वर्षं आमच्या घरात आहे."

"लग्नाआधी हिचं नाव प्रेमला होतं?"

आबासाहेबांनी पगडीची घडी बोटानं सारखी केली.

"तसं म्हणतात खरं. पण साहेब, मी वकील माणूस. ऐकीव गोष्टीवर शपथ कशी घेऊ?"

रमा त्यांच्याकडे वळली. सासऱ्यापुढे मान वर करून ती कधी बोलली नव्हती.

"मामंजी, मला पाहायला वैरागला तुम्हीच आला होतात. नाव विचारलंत. इंग्रजीत लिहून दाखव म्हणालात."

आबासाहेब हसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"वेणूसाठी मुली पुष्कळ पाहिल्या, साहेब. त्यातली कोण कुठली, या वयात ध्यानात राहत नाही."

तिप्पण्णानं टाक खाली ठेवला. वीरभद्रप्पांनी दाराशी उभ्या वेणीमाधवकडे पाहिलं.

"तुम्ही नवरा ना? तुम्ही सांगा. जुनं नाव ठाऊक असेलच की."

वेणीमाधव बी. ए.ला दोनदा नापास झाला होता. लग्नानंतर महिनाभर खोलीचं दार लागलं की तो तिला प्रेमला म्हणायचा. त्यानं आधी बापाकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे.

"भटजींनी सांगितलं ते तांदळात लिहिलं. आधीचं... आबांना ठाऊक."

 वीरभद्रप्पांनी कोरा कागद घडी न घालता बाजूला सारला.

"बाई, तुमच्या आईला घेऊन या. उद्या या, परवा या. मी सही करतो."

परवाच्या सहीचा काय उपयोग, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. शपथ घेणाऱ्याला तर पंधरा दिवसांपूर्वीपासून.

टांगा घराकडे निघाला. चौकट रमाच्या मांडीवर होती.

घरी मोहोळचे महिपती पाटील जमिनीच्या खटल्यासाठी येऊन बसले होते. आबासाहेबांनी रमाच्या हातातून चौकट अलगद घेतली, खुर्चीवर चढून ती पक्षकारांच्या बैठकीसमोरच्या खिळ्यावर अडकवली आणि मागे सरून सरळ आहे का ते पाहिलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती तिथं लावली होती.

"ह्ये काय हाय, आबासाहेब?"

"आमच्या सूनबाईंची पदवी. मुंबईची बी. ए."

"आगं बाबौ! लई झ्याक. नाव काय लिवलंय त्यात?"

आबासाहेबांचा चष्मा टेबलावर होता. तो त्यांनी घेतला नाही. चौकटीकडे पाठ करून गादीवर बसता बसता ते म्हणाले,

"प्रेमला गोपाळ वैरागकर."

मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली,

"रमा, पाटलांना चहा आण."