पितरांनी पेज मागितली

हेमराजच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं कुंपणावर, म्हातारे बैलबंडीवर, आणि मधोमध खाटेवर दम्याने धापा टाकणारी त्याची आई अनुसयाबाई. तिच्या हातात कॉर्डलेस फोन होता. फोन ज्यावर ठेवतात ते खोकं आत तिच्या खोलीत, आणि त्यापुढे मांडी ठोकून दिशानंद महाराज.

महाराजांनी मंत्र पुटपुटत खोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. अंगणात फोन खणखणला.

अनुसयाबाईने बटण दाबून तो कानाला लावला. "कोनी बोलत नाही. पन आत ओम्म् चालू हाय."

"ओंकार!" म्हणत अख्ख्या अंगणाने हात जोडले.

मी टेलिफोनचा लाइनमन, मुकुंद. तीस वर्षं हा ओंकार ऐकतो आहे. आम्ही त्याला डायल टोन म्हणतो.

हेमराजने मला सॉकेटची डबी हलवायला बोलावलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ती मीच अनुसयाबाईच्या उशाशी बसवली होती. हेमराज आणि त्याची बायको दिवसभर शेतावर धानाच्या बांधीत, मोबाइलची रेंज फक्त छपरावर, आणि म्हातारीला दम लागला की उठवत नाही. एकदा याच फोनवरून तिने कटंगीच्या डॉक्टरला बोलावलं आणि ती वाचली. आठ दिवसांपूर्वी हे महाराज मुक्कामाला आले, घंट्या वाजू लागल्या, आणि आता म्हणे ती डबी अशुभ!

"दक्षिण दिशा यम की होती है," मी आत गेलो तसे महाराज मला समजावू लागले. "उधर डिब्बी लगाओगे, तो घंटी ऊपर से ही आएगी."

घंटी वाजवणारा कोण, तर हेमराजचे वारलेले वडील महागू. उपाय काय, तर डबी ईशान्येला देवघरात न्यायची, फोन लाल कापडात बांधून ठेवायचा, कोणी शिवायचा नाही. म्हातारीची खोली पितरांची, म्हणून तिथे महाराजांचं आसन. म्हातारीची खाट गोठ्याजवळ. पंखा त्या एकाच खोलीत होता. पितरांना उकडतं हे मला माहीत नव्हतं.

"पुरावा?" मी विचारलं.

"पुरावा मशीन पर लिखा है! पढ़ो बेटा."

आठवी पास हेमराजने खोक्यावर बोट ठेवलं. "पी, ए, जी, ई... पेज! मुकुंदभाऊ, बाबा रोज सकाळी पेजच पेत होते! भुकेले हायेत ते."

ओसरीवर तांदळाच्या पेजेचे सात वाडगे मांडलेले होते. इंग्रजी अक्षरांचं एवढं भाग्य मी कधी पाहिलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी डबीतून फोनची तारच उपटली. "आता वाजवा!"

महाराज हसले. फूल ठेवलं. फोन वाजला.

"बिना तार के!" अंगणात एकजण दंडवतात आडवाच झाला.

"आता ओम नाही," अनुसयाबाई रडवेली होऊन म्हणाली.

"नाराज हो गए," महाराज माझ्याकडे बघत म्हणाले. झालं! चमत्कार मीच दुप्पट करून दिला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

मग ध्यानात आलं. फोन वाजला की सगळे फोनकडे बघतात, फुलाकडे कोणीच नाही. मी फूल उचललं. खाली तेच पेजचं बटण!

"माय, आत या. फोन हातातच राहू द्या. हे दाबा."

"स्त्री के छूने से अनर्थ होगा!" महाराज ओरडले.

"तोच बघायचाय."

तिने दाबलं. तिच्याच हातात फोन वाजला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा वाजला.

"घरात फोन कुठे ठेवला ते सापडेना, तर हे दाबायचं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "हाक मारण्याला इंग्रजीत पेज म्हणतात. ही तांदळाची नव्हे. याला फोनची तार लागत नाही, वीज लागते." मी विजेची पिन काढली. "महाराज, आता फूल ठेवा. अख्खा हार ठेवा!"

महाराजांना एकाएकी वारासिवनीची बस आठवली. आशीर्वाद द्यायचंही राहून गेलं.

"माय, मी तं..." म्हणत हेमराज तिच्या पायाशी बसला.

अनुसयाबाई बटणाकडेच बघत होती. "आठ दिवसापासून वाटत होतं, हेमराजचे बाबा मले बलावून राह्यले. आता जायचंच हाय, म्हनून मी दवाई बी सोडली."

मला त्या दाढीवाल्या महाराजाचा असा संताप आला, की बसपर्यंत पाठलाग करावासा वाटला.

"मुकुंदभाऊ," ती म्हणाली, "ते नाही बलावत तं नाही बलावत. मले बलावता आलं पायजे. डबी तिथंच राहू द्या."

मी दोन्ही तारा पुन्हा जागेवर लावल्या.

लोकहो, फसणं हा गुन्हा नाही. तार उपटूनही घंटी वाजली, तेव्हा क्षणभर मीही वर बघितलं होतं. पण घंटी वाजली की आभाळाकडे बघण्याआधी बटणावर कोणाचं बोट आहे ते बघा. आणि फोनची डबी कुठे बसवायची हे यमाला विचारू नका, ईशान्येलाही नको. ज्याला दम लागतो त्याचा हात कुठवर पोचतो, तेवढं मोजा.

हेमराजने मोजलं. मग सायकल काढून तो मायची दवाई आणायला कटंगीला गेला.