किती मोडतील?

टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यावर दर चार सेकंदांनी एक बारीक वलय उठत होतं. विद्यार्थिनीने तीनदा मोजून पाहिलं. टेबलाखालच्या चाचणीच्या जुन्या संगणकाचा पंखा थांबून थांबून फिरत होता, एवढंच. पण कारण सापडल्यावर तिची धडधड जरा कमी झाली.

समोर ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे दोघे बसले होते. प्रमुखांना सगळे आजोबा म्हणत. वय बावन्नच, पण सिस्टिममधला सर्वांत जुना कोड त्यांचा. शेजारची ताई सुरक्षा तपासायची. आज या दोघांना पटलं, तर विद्यार्थिनीने बनवलेला सँडबॉक्स सिस्टिमच्या पुढच्या आवृत्तीत जाणार होता. नाहीतर दोन वर्षांचं काम कॉलेजच्या कपाटात.

"अनोळखी प्रोग्रॅम बंद खोलीत चालवायचा," ती म्हणाली. "त्याला स्वतःहून फाईल उघडता येत नाही, नेटवर्क मिळत नाही. आपण देऊ तेवढंच."

"म्हणजे आमचं होस्टेलच की गं! बघू, पळून जाता येतं का," म्हणत ताईने कीबोर्ड पुढे ओढला. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून खोलीत सोडला. पडद्यावर विद्यार्थिनीच्या खाजगी टिपणांतल्या ओळी झरझर उमटल्या.

तिचे कान तापले. पण लाजेच्या आधी प्रश्नच पडला. "कसं काय? फाईल उघडल्याची नोंदच नाही."

"त्याने उघडलीच नाही," ताई म्हणाली. "तुझ्या प्रोग्रॅमने आधीच उघडून ठेवली होती. आपल्याकडे एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला, की पहिल्याच्या हातातल्या उघड्या फाइली दुसऱ्याच्या हातात जातात. तू दारं लावलीस, त्याच्या मुठी नाही बघितल्यास."

"मग आधी सगळ्या बंद करीन. चार ओळींचं काम आहे."

"तू करशील. बाकीचे विसरतील. मीच दोनदा विसरलेय."

"पण मुळात आपण त्या देतोच का?"

"विचार आजोबांना. सहा वर्षं मीही विचारतेय. दर वेळी 'पुढच्या आवृत्तीत बघू'."

"जुने प्रोग्रॅम त्याच्यावर चालतात," आजोबा म्हणाले. "बदललं तर मोडतील."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती मोडतील? कुणी मोजलंय का?"

ताईने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी छताकडे.

प्रत्येक आवृत्तीआधी ते अकराशे चाळीस जुने प्रोग्रॅम चालवून बघत. "तेच आत्ता चालवूया?" विद्यार्थिनीने विचारलं. आजोबांनी खुर्ची सरकवून तिला जागा दिली. तिने सिस्टिमच्या कोडमध्ये उघड्या फाइली पुढे देण्याचा नियम उलटा केला आणि चाचणी सुरू केली. तासभर तिघंही पडद्यासमोरून हलले नाहीत. पहिला प्रोग्रॅम मोडला तो तीनशे बाराव्या क्रमांकावर. शेवटी आकडा आला : नऊ.

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून नावं वाचली. "यातले सात माझेच आहेत."

"वाटलंच मला," ताई म्हणाली. "कार्टी तुमची आणि शिस्त जगाला!"

आजोबा हसले नाहीत. यादी त्यांनी पुन्हा एकदा वरून खाली वाचली.

"सात मी दुरुस्त करतो. उरलेल्या दोन्हींच्या लेखकांना आजच कळवतो," ते म्हणाले. मग विद्यार्थिनीकडे वळले. "पुढच्या आवृत्तीपासून उघडी फाईल आपोआप कुणाच्याही हातात जाणार नाही. आणि तुझी खोली त्याच आवृत्तीत येईल."