थाळ्यातली अब्बांची जागा

या मंडळी, जरा पुढं सरका. देवाच्या नैवेद्याच्या कथा पुष्कळ ऐकल्यात, आज एका माणसाच्या घासाची सांगतो.

"व्हिडिओ कॉल करायचा, खलास," गुणवंतसर म्हणाले. "घरी जायचे पैसे इन्शुरन्सवाले नर्सचे देतात, डायटिशियनचे नाही."

"कॉलवर वाटी दिसते सर, घर दिसत नाही," सुचित्रा म्हणाली.

"मग पाहुणी म्हणून जा," सर हसले.

सुचित्रानं ते मनावर घेतलं.

दुबईत घरोघरी रुग्णसेवा देणाऱ्या एका होमकेअर कंपनीत ती आहारतज्ज्ञ, गुणवंतसर तिचे साहेब. तिथल्याच अल मनखूल भागातले अबुजरअब्बा, मूळचे रत्नागिरीचे, डावी बाजू लुळी पडून खाटेवर होते. गिळता येत होतं, डॉक्टरांनीच तपासलं होतं. पण घास पुढं आला की तोंड मिटून घेत. वजन उतरत चाललेलं. या आठवड्यात खाल्लं नाही तर नाकातून नळी घालायची, असं ठरलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती बसनं गेली. सून हुमेरानं दार उघडलं.

"मॅडम, कंपनीनं पाठवलं?"

"नाही गं, पाहुणी आलेय."

"मग जेवल्याशिवाय सोडणार नाही. मच्छी चालते?"

"मालवणची आहे मी. विचारतेस काय?"

हुमेरानं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. खाली दस्तरखानाची चादर अंथरलेली, मधोमध एकच मोठा थाळा. सगळं घर त्यातूनच जेवायचं. हुमेराचा नवरा मुनीर सरकून बसला.

"दार का लावलंस?" सुचित्रानं हुमेराला विचारलं.

"अब्बांना दिसू नये म्हणून. जन्मभर थाळ्यात पहिला हात त्यांचा, आता खोलीत वेगळी वाटी. आम्हाला खाताना बघून जीव तुटेल त्यांचा."

सुचित्राचा घास हातातच राहिला.

"थाळा त्यांच्या खोलीत न्या."

"ठसका लागला तर?" मुनीर घाबरला.

"डॉक्टरांनी सांगितलेला मऊ भातच देऊ. ताठ बसवू. मी शेजारी आहे ना. यल्ला, चला, उचला."

अब्बांना खुर्चीत बसवलं, थाळा टेबलावर ठेवला. कालवलेला मऊ भात त्यांच्या बाजूला वाढला. अब्बा नुसते बघत राहिले. मग पुटपुटत "बिस्मिल्ला" आलं, आणि उजवा हात भातात गेला. एक घास. दुसरा. हुमेरानं ओढणीनं तोंड झाकलं.

नळीचं काय ते डॉक्टर ठरवणार होते. सुचित्रा मात्र सोमवारी पुन्हा सरांपुढं उभी राहणार होती, बाकीच्या रुग्णांच्याही घरी जाऊ द्या म्हणायला. हसोत बापडे.

अब्बा थांबले. पाहुणीची बाजू रिकामी दिसली तसा त्यांनी सुरमईचा मोठा तुकडा तिच्याकडं सरकवला.

"घे, पोरी."

मंडळी, आज पानावर बसाल तेव्हा लोटलेल्या दाराआड एकट्यानं वाटी बघत पडलेल्या माणसांची आठवण ठेवा. एवढंच मागणं.