रुसूमचा दुसरा अर्थ

मी घोडी बोलतेय. टापांची नव्हे, लाकडाची. चित्र काढताना कागदाची पाटी जिच्यावर उभी करतात, ती.

जन्म इजिप्तमधल्या दमियेत्ता गावचा. आमच्या गावात घरटी एक सुतार, आणि प्रत्येकाच्या डोक्यात नवऱ्या मुलींच्या दिवाणखान्याचे सोफे. उस्ताद बयूमींनी उरल्यासुरल्या लाकडातून मला जुळवलं. दोन पाय साधे, तिसरा सोनेरी वेलबुट्टीचा, कुठल्याशा फसलेल्या खुर्चीचा. त्या पायाचा मला बरीच वर्षं तोरा होता.

मला करवून घेतलं इनासअब्लानं. अब्ला म्हणजे शाळेतल्या बाई. लग्नाला दोनच महिने झालेले. सासूला सांगितलं, चीज आणायला जाते, आणि गेली सुताराकडे. चीजही आणलं म्हणा.

सित्त गलीला नावाच्या विधवा बाईंनी मागे ठेवलेल्या धर्मादाय संस्थेची एक खोली रिकामी होती. तिथं इनास दुपारी एकोणीस मुलींना चित्रकला शिकवू लागली. कुणाचं लक्ष नव्हतं, तोवर कुणाची हरकतही नव्हती.

मग एका मंगळवारी संस्थेचे प्रमुख, हाजी फिक्री फर्निचरवाले, दोन विश्वस्तांना घेऊन आले. खोली लग्नाच्या खुर्च्या ठेवायला हवी होती. गुरुवारपर्यंत मोकळी करा, म्हणाले. दाराचं बिजागर दुरुस्त करायला आलेले बयूमी खाली मान घालून ऐकत होते.

"चित्रांची तरतूद संस्थापत्रात नाही," हाजी म्हणाले.

"आणा की ते," इनास म्हणाली.

संस्थापत्राची काचेची चौकट आली. भिंतीला खिळा नव्हता, म्हणून माझ्यावर ठेवली. काचेमागे ओळ होती: 'गावातल्या गरीब मुलींच्या रुसूमसाठी.'

आमच्या अरबीत रुसूम म्हणजे फी. रुसूम म्हणजे चित्रंही. साठ वर्षं सगळ्यांनी फीच वाचली. शाळेनं गरीब मुलींची फी माफ केली, तेव्हापासून ती ओळ नुसती बसून होती.

"अगं पोरी, सित्त गलीलांना फीच म्हणायची होती. मी ओळखायचो त्यांना."

"असेल, हाजीसाहेब. पण फी आता कुणी मागत नाही. शब्दाचा एक अर्थ निवृत्त झाला, दुसरा धडधाकट आहे. त्याला घरी का बसवायचं?"

"शब्दांशी खेळतेस होय?"

"फी म्हणा, चित्रं म्हणा. खुर्च्या हा अर्थ मात्र त्यात कुठेच नाही."

एका विश्वस्तांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात दडवलं.

"आणि पोरी चित्रं काढून करणार काय?"

बयूमी बिजागरापासून न वळता बोलले, "तुमच्या सोफ्यावरची वेल आधी कागदावरच उगवते, हाजी. ती काढायला तुम्ही कैरोहून माणूस बोलावता. दर वेळी त्याचे नखरेही झेलता."

सित्त गलीलांची ओळ माझ्या खांद्यावर होती. मी डगमगले नाही. इनासही नाही.

"एक वर्ष," हाजी म्हणाले. "मग बघू."

त्या वर्षापासून वर्ग संस्थेच्या नावानं चालतो. कागद, रंग, बाईंचा पगार, सगळं संस्थेचं. बयूमींनी माझ्यासारख्या आणखी सोळा घोड्या घडवल्या. इनासची सासू सणाला जिलबीसारखी मुशब्बक पाठवते, वर विचारते, "चीजवाल्याचा वर्ग कसा चाललाय?"

याला अकरा वर्षं झाली. माझे स्क्रू ढिले झालेत, अंगावर रंगांचे थर आहेत. हाजींचं ते 'बघू' अजून व्हायचंय.

होईल तेव्हा होवो. बघायला येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: काचेमागची ओळ नंतर वाचा. आधी माझ्यावरचा कागद बघा.