मॉरिसचा उंबरा

आमच्या रॉचडेलला, इंग्लंडच्या उत्तरेला, हिवाळ्यात रस्त्यांवरच्या बर्फावर मीठ टाकतात. माणसं घसरत नाहीत, पण गाड्या आतून गंजून सडतात. वरून रंग झकास, आणि दाराखालचा पत्रा दाबला तर बोट आत. माझ्या नवऱ्याने, सिरिलने, तीन हिवाळे घालवून आपल्या जुन्या मॉरिस गाडीला दोन्ही दारांखाली नवे पोकळ उंबरे बसवले होते. रंगही झाला होता. आता गंज धरू नये म्हणून त्या पोकळीत गरम करून पातळ केलेलं मेण फवारलं की संपलं. हे काम नेहमी सगळ्यात शेवटी करतात, कारण एकदा मेण गेलं की तिथे पुन्हा वेल्डिंगची ज्योत नेता येत नाही.

फवारता फवारता फवाऱ्याच्या नळीचं टोक निसटून आत पडलं.

"विनी, तुझा हात बारीक आहे. जरा बघ ना."

दाराच्या खांबाशी, उंबऱ्याच्या तोंडाला, नळी जावी म्हणून त्याने भोक मोठं केलं होतं. कुणाला कापू नये म्हणून त्याची धार हातोडीने आत वळवली होती. माझा हात अलगद आत गेला. बाहेर काढताना मात्र ती वळवलेली कड अंगठ्याच्या बुडात रुतली.

"ओढ."

"ओढतेच आहे. येत नाही."

"मूठ उघड आधी."

"उघडीच आहे! मला काय माकड समजलास?"

लोणी लावलं, भांड्यांचा साबण ओतला, टर्पेंटाइन झालं. हात सुजत गेला आणि भोवतालचं मेण गार होऊन घट्ट होत गेलं. गुडघे सिमेंटवर, गाल पत्र्याला चिकटलेला. मला फक्त सीटच्या खालच्या स्प्रिंगा दिसत होत्या. मान वळवायलाही जागा नव्हती.

शेजारची डोरीन केकचं भांडं परत द्यायला आली.

"अगं बाई, प्रार्थनेला बसलीस की काय?"

"हात अडकलाय."

"मग काप की, सिरिल! ते तुझं गरगर फिरणारं यंत्र आहे ना?"

"ठिणगी पडली तर आतलं सगळं पेटेल. तिच्या हातासकट."

"मग पत्र्याची कात्री घे."

 कात्री चालवायची म्हणजे भोकापासून खाली, नव्या उंबऱ्यातूनच. आणि तो पुन्हा सांधायला ज्योत लागणार. म्हणजे मेण खरवडा, पत्रा काढा, सगळं पहिल्यापासून.

"थोडं थांबू या," तो म्हणाला. "सूज उतरेल."

"हात खाली लोंबतोय, सूज उतरेल कशी?" डोरीन म्हणाली.

"मी चहा टाकतो."

आणि तो खरंच गेला. माझ्याकडे न बघता गेला. बघितलं ते उंबऱ्याकडे. त्याचे बूट उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाशी करकरून क्षणभर थांबले, तेवढ्या आवाजावरून मला कळलं. स्वयंपाकघरात नळ वाहिल्याचा आवाज आला. माझी दोन बोटं आता मला जाणवतच नव्हती. मी ओढून पाहिलं, तशी कड आणखी रुतली. 

"सिरिल! मरू दे तो चहा! कात्री आण!"

तो कात्री घेऊन आला. पत्र्यावर खडू करकरत त्याने रेघ मारली. पुसली. पुन्हा मारली, आवाजावरून थोडी आखूड.

"तू शिंपी आहेस का रे?" डोरीन ओरडली. "तिची बोटं निळी पडली असतील आत!"

मग त्याने कापलं. कात्रीच्या प्रत्येक घासाला तोच कण्हत होता. कड सैलावली आणि हात बाहेर आला, कोपरापर्यंत मेणाने तपकिरी, बोटं पांढरीफटक. त्याने तो तसाच आपल्या कोटात, काखेखाली दाबून धरला.

"मेण शेवटपर्यंत पोचलं होतं का रे?" मी विचारलं.

"मरू दे ते मेण," तो म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मी मात्र त्याच्या खांद्यावरून त्या फाटलेल्या पत्र्यात पाहिलं. पोचलं होतं.