तोरुनची झडप

"म्हणजे सुरी सोडायची?" तोरुनने विचारलं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या स्कारेबाई म्हणाल्या, "धातूची झडप बसवली, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. मासे कापताना बोट कापलं, तर रक्त लवकर थांबायचं नाही."

मोलॉय बंदरातल्या कारखान्यात तोरुन अठ्ठावीस वर्षं कॉड मासा कापत होती. हृदयातून निघणारी तिची मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली होती आणि त्या ताणाने तिथली झडप गळत होती. तिचे वडील याच दुखण्याने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी होडीतच गेले. ती आता सत्तेचाळीस वर्षांची होती.

"पण तुमची झडप मुळात चांगली आहे," बाई म्हणाल्या. "फुगलेली नळी काढून कापडाची बसवते आणि तुमचीच झडप तिच्या आत शिवते. जमेल की नाही, ते उघडल्यावरच कळेल."

"नाही जमलं तर?" तिचा नवरा ओडवार.

"तर धातूची. आधी माणूस वाचायला हवा."

"जमवाच बाई," तोरुन म्हणाली. "घरी बसले तर हा माझं डोकं खाईल."

ओडवारला हसू आलं नाही.

चार तासांच्या शस्त्रक्रियेला सहा तास लागले. ओडवार खिडकीशी उभाच होता. अखेर स्कारेबाई बाहेर आल्या.

"शिवून झाल्यावरही जराशी गळत होती. वाटलं, धातूची बसवून मोकळं व्हावं. पण हृदय पुन्हा थांबवलं, झडपेच्या एका पाकळीला दोन टाके घातले. आता गळत नाही."

"म्हणजे... तिचीच?"

"तिचीच."

ओडवारने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायचं विसरला.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात तोरुन कामावर रुजू झाली.

"आलीस का गं? तुझ्या जागी मशीन आणणार होते," शेजारची उन्नी म्हणाली.

"आणू देत की. तुझी बडबड ऐकून चार दिवसांत बंद पडेल."

हात काही विसरले नव्हते. पण अकराच्या सुमाराला तिला दम लागला, पाठ घामाने भिजली. तिने टेबलाची कड धरली. कोपऱ्यातलं स्टूल पायाने सरकवत आणून उन्नीने तोरुनच्या मागे ठेवलं. त्या टेबलाशी आजवर कुणी बसून काम केलं नव्हतं.

तोरुनने स्टुलाकडे पाहिलं. सुरी एप्रनला पुसली. मग बसली आणि पुढचा मासा ओढला.