सातव्या फेरीतला फोन

"आवाज वाढव रे जरा, पाचवी राउंड सुरू झाली," अतुल मला म्हणाला, आणि मी रिमोट शोधेपर्यंत त्यानंच उठून आवाज इतका वाढवला की स्वयंपाकघरातून त्याची बायको दीपा ओरडली, "अहो, कान गेले आमचे!"

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या अतुलच्या दिवाणखान्यात शनिवारी दुपारी मराठी मंडळाची निम्मी माणसं कोंबलेली होती. बायका सोफ्यावर, पुरुष खाली कार्पेटवर, आणि मधोमध डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर अतुलचा मुलगा कुश, मांडीवर फोन घेऊन. फुटबॉलचा ड्राफ्ट चालू होता. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हातानं खेळायचा. तीन दिवस, सात फेऱ्या. व्यावसायिक संघ आळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडतात आणि ती नावं सगळा देश टीव्हीवर बघतो. ज्याला निवडलं त्याला आधी संघाचा फोन येतो, मग पडद्यावर नाव. आज शेवटचा दिवस होता, आणि कुशचा फोन सकाळपासून गप्प होता.

अतुल मोहरील मूळचा नागपूरचा. तो आणि मी वर्षानुवर्षं एकाच ट्रेननं शिकागोला कामाला जायचो. विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यानं उमेदीची वर्षं घालवली. त्याच्या हाताखाली शिकलेले लोक त्याचे साहेब झाले, तेव्हाही हा गडी खिडकीतून बाहेरचं बर्फ बघत "ठीक आहे नं" एवढंच म्हणाला होता. मंडळात त्याला कधी कुणी स्टेजवर बोलावलं नाही, तो खुर्च्या लावायला असायचा. असल्या माणसाच्या पोटी कुश जन्माला आला, कॉलेजच्या टीममध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य गडी, झाला आणि चेंडू फेकण्याचे तिथले सगळे जुने विक्रम त्यानं मोडले. कॉलेजच्या गावात पिझ्झाच्या दुकानात कुशचा फोटो लागला. अतुल दर शनिवारी डिकीत पुऱ्या-भाजीचा डबा टाकून मॅचला जायचा, आणि साठ हजार लोक आपलं आडनाव चुकीच्या उच्चारात ओरडताहेत हे ऐकून यायचा. सोमवारी ट्रेनमध्ये तो वेगळाच माणूस असायचा.

चूक झाली ती इथंच. अतुलनं ड्राफ्टला मेरिट लिस्ट समजलं. बोर्डात आलेल्या पोराला मेडिकलची सीट मिळणारच, तसं. जानेवारीत एकदा जेवताना कुशनं त्याला समजावायचा प्रयत्न केला होता, मी तिथं होतो.

"बाबा, it doesn't work like that. कॉलेजमध्ये कोच साइडलाइनवरून सगळं सांगतो. मी फक्त बॉल घेतो आणि लगेच थ्रो करतो. प्रो टीम्सना तो माणूस हवा जो समोरचा डिफेन्स स्वतः रीड करून ठरवतो. मी ते कधी केलंच नाहीये."

"पण रेकॉर्ड तुझ्या नावावर आहेत नं?"

"रेकॉर्ड्स सिस्टमचे असतात, बाबा. And I'm short. माझा knee एकदा ऑपरेट झालाय. मी बाकीच्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. आणि हात लहान आहेत."

"हात?"

"They measure it."

खरंच मोजतात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आपली वीत. बाजारात बैल बघावा तसं पोरांना अर्ध्या चड्डीवर उभं करून वजन, उंची, वीत, सगळं मोजतात. कुशची वीत पाऊण इंच कमी भरली होती. हे ऐकून अतुल हसला. "त्या लहान हातांनी त्यांच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकलास नं बे! कागदावर काय लिहितात ते लिहू देत." मग त्यानं मंडळाच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं. कुशनं नको नको म्हटलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या घरी चार माणसं बोलवावीत असं अतुलला वाटत होतं, आणि पोराला ते दिसत होतं. पोरगं शहाणं. ते गप्प बसलं.

पाचवी फेरी गेली. सहावीत एका क्वार्टरबॅकचं नाव आलं तसा माझ्या शेजारी लवंडलेला ऋषी उठून बसला. "अरे, याला तर आपण हरवलं होतं यार! मी होतो त्या मॅचला."

"Yeah, काका," कुश म्हणाला. "He's six foot five."

बायकांचं बोलणं हळूहळू मुलांच्या कॉलेजांवर आणि घरकर्जाच्या व्याजदरावर गेलं. दीपा कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचं ताट घेऊन तिसऱ्यांदा फिरली. लोक पोट भरलेलं असताना उगाच घेत होते. कुश पडद्याकडे बघत होता आणि प्रत्येक नावाला मान हलवत होता. त्यातली बरीच पोरं त्याच्या ओळखीची होती. मला त्याच्याकडे बघवेना. चोवीस वर्षांचं, देखणं, कष्टाळू पोर, आणि घरभर माणसं त्याची परीक्षा बघायला प्लेटा घेऊन बसलेली. असलं प्रेम वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

सातवी फेरी संपत आली होती तेव्हा फोन वाजला.

अतुलनं टीव्हीचा आवाज बंद केला. कुश उभा राहिला. "Yes, Coach," तो म्हणाला. "Yes, sir. I understand, sir." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "No sir, nobody else has called. Yes. Thank you for the opportunity, Coach. I'll be there."

'आय विल बी देअर' एवढंच अतुलला पुरलं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला जो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. घर दणाणलं. ऋषीनं मला मिठी मारली. कुणीतरी 'गणपती बाप्पा'ची आरोळी ठोकली. अतुल एका हातानं डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हातानं ग्रुपवर टाकत होता: कुश सिलेक्टेड, सगळ्यांनी या. दीपा निरांजनाचं ताट घेऊन आली, ते तिनं सकाळीच तयार करून देवाजवळ झाकून ठेवलं होतं.

"आई, wait, एक मिनिट ऐक—"

"आधी बस. पूर्वेकडे तोंड कर."

"आई, it's not—"

"नंतर सांग. डोळे भरून बघू दे मला."

कुशनं खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. त्या खोलीत हा खेळ नीट बघणारा मी एकटा होतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मान किंचित, अगदी किंचित हलवली. नाही. फेरी संपत आली की संघ उरलेल्या पोरांनाही फोन करतात, हे मला तेव्हा आठवलं. कुणी घेतलं नाही तर चाचणीला ये, करार नाही, पगार नाही, आमच्या पोरांना सराव द्यायला एक हात कमी आहे.

तो बसला. पूर्वेकडे तोंड करून. दीपानं कुंकू लावलं, सोन्याची अंगठी आणि सुपारी ओवाळली, डोक्यावर अक्षता टाकल्या. एवढा आडदांड मुलगा, पण आईचा हात पुरावा म्हणून मान खाली घालून बसला होता. तो तिच्याकडे बघून हसला. ते हसू मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

"आता टीव्हीवर दाखवतील नं?" अतुलनं आवाज पुन्हा चालू केला. "बसा, बसा सगळे. व्हिडिओ काढा रे कुणीतरी."

फोन वर झाले. पाच-सहा फोन पडद्यावर रोखलेले. एक नाव आलं, ओहायोतल्या कुणाचं तरी. दुसरं आलं. तिसरं. दर नावाला अतुल म्हणायचा, "पुढचं असेल." मग शेवटचं नाव आलं, निवेदकांनी एकमेकांचे आभार मानले, आणि ट्रकची जाहिरात लागली.

"राहिलं वाटते दाखवायचं," अतुल म्हणाला. "बघा, हे लोकसुद्धा किती गबाळे असतात."

"बाबा." कुशनं डोक्यावरचे तांदूळ झटकले नव्हते. "संपलं. मला कुणी घेतलं नाही. तो फोन ट्रायआउटसाठी होता. वीकेंडला जायचं, बॉल फेकायचे, परत यायचं."

"मग तू थँक यू कशाला म्हणालास?"

वर केलेले फोन एकेक करून खाली आले. दीपा ताट हातात घेऊन तशीच उभी होती, निरांजन अजून जळत होतं.

"ट्रायआउटमधून पण घेतात की," ऋषी म्हणाला. "घेतात नं रे?"

"घेतात कधी कधी," मी म्हणालो. जवळजवळ कधीच घेत नाहीत हे मला आणि कुशला माहीत होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मंडळातल्या उत्तराकाकू, मुलीच्या नाचाच्या क्लासवरून थेट आलेल्या, हातात फुलांचा हा मोठा गुच्छ. "कुठाय आमचा स्टार?" म्हणत त्या आत शिरल्या आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी गुच्छ कुशच्या हातात दिला. "अभिनंदन राजा! मेसेज बघितला आणि सिग्नलवर रडले मी."

कुशनं वाकून नमस्कार केला. "थँक यू, काकू," तो म्हणाला, आणि त्यांना बसायला आपली खुर्ची दिली. मग गुच्छ घेऊन शांतपणे जिना चढून वर गेला. वरती दार लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, इतक्या हळू लावलं त्यानं.

खिडकीतून दिसलं, रस्त्यावर आणखी एक गाडी वळत होती. तिच्या मागे अजून एक. मी म्हणालो, "अतुल, थांब, मी सांगतो त्यांना."

"नको. मी बोलावलंय नं त्यांना."

तो पायमोज्यांवरच बाहेर गेला. एप्रिल असला तरी बाहेर बोचरा वारा होता. पहिल्या गाडीची काच खाली झाली, आतून एक हात बाहेर आला, त्यानं तो दोन्ही हातांत धरला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. गाडीतल्या लोकांचे चेहरे तेवढे उतरलेले दिसले. मग अतुल ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि हात हलवून त्यांना गाडी मागे घ्यायला मदत करू लागला: या, या, अजून या, बस. ती गेली. त्यानं शर्टाची बाही डोळ्यांवरून फिरवली आणि तो दुसऱ्या गाडीकडे चालू लागला.